गाईडनं गाळलेली टेकडी



आमच्यावर एक आरोप आहे. आधी तो आरोपच छापून टाकतो, म्हणजे मागची कुजबुज थांबेल. चैत्यभूमीवर माथा टेकवला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबर २०२५ ला, वाशीम जिल्ह्यातले आम्ही पाच जण गेटवेवरून लाँचमध्ये बसलो, घारापुरीच्या बेटावर गेलो, तिथं वर्गणी करून खासगी गाईड केला आणि दिवसभर हिंडलो. १९५६ साली याच तारखेला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना अग्नी दिला गेला, आणि तुम्ही त्याच दिवशी समुद्राची हवा खात होते? हे विचारणारा कुणी परका नाही. आपलाच आहे. मंगरूळपीरच्या बैठकीत बसलेला, निळा दुपट्टा गळ्यात टाकलेला. म्हणाला, "सहल-बिहल पांढरपेशायचं काम हाये. कार्यकर्त्यानं कायले जावं?"

कायले जावं, हे आता सांगतो.

पहिली गोष्ट. सहल काढली म्हणून कुणी पांढरपेशा होत असेल, तर आपल्या चळवळीतला पहिला पांढरपेशा बाबासाहेब. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी त्यांना म्हटलं, तुम्ही येत असाल तर फिरायला जाऊ. बाबासाहेब तयार झाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचं ठरलं. तीसेक माणसं. आपण कोण हे वाटेत बोभाटा न करता जायचं असंही ठरलं. नाशकाहून बसनं निघाले. निजामाच्या राज्यात शिरले. औरंगाबादच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला लागला. अंगावर रस्त्याची धूळ, समोर काठोकाठ भरलेलं तळं. काही जणांनी हातपाय-तोंड धुतलं आणि मंडळी किल्ल्याच्या दाराशी गेली. मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत आला, की धेडांनी तळं बाटवलं. रमजानचा महिना होता. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? आमच्यातला कुणी मुसलमान झाला तर त्याला या तळ्यावर अडवाल काय? गर्दी गप्प झाली. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळाली, पण एका अटीवर. आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. आणि ही अट पाळली जाते की नाही ते बघायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला.

(महाडच्या तळ्यावर अडवणारे हिंदू होते, इथं मुसलमान. जात कोणाच्या दारातून आत गेली नाही ते सांगा.)

ही हकीकत खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ती १९९० साली पुस्तिका म्हणून छापली. बैठकीत भाषण ठोकणाऱ्यांनी एकदा वाचावी, फार पानं नाहीत. आपल्या चळवळीच्या सहलीला मिळालेला गाईड हा असा होता. हातात हत्यार, नजर आपल्या हातावर.

आमच्या गाईडकडं हत्यार नव्हतं. सभ्य माणूस. टोपी, गळ्यात कार्ड, तोंडात तीन भाषा. त्यानं विचारलं, कुठून आलात? म्हटलं, वाशीम. तो म्हणाला, "वाशी का? मग जवळच आहे की." आम्ही हसलो. वाशीमहून अकोला, अकोल्याहून जनरल डबा, रात्रभर संडासाच्या दाराशी उकिडवं बसून आलेल्या माणसाला हे जवळच वाटणार!

मग त्याचा पाठ सुरू झाला. पाठच म्हणतो, कारण तो पाठ होता. मधे काही विचारलं की अडखळायचा आणि पुन्हा मागच्या वाक्यापासून सुरू करायचा, शाळेतल्या पोरासारखा. ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. ही तीन तोंडांची मूर्ती म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. पोर्तुगीजांनी गोळ्या घालून मूर्ती फोडल्या. चला, फोटो काढा.

एका रात्रीत! मी कारंज्याच्या जिनमध्ये काम करतो. एका रात्रीत किती काम होतं ते मला विचारा. रेचे चालू असतात, नाकातोंडात रुई जाते, पहाटे प्रेसमधून निघालेल्या गठाणी मोजल्या की कळतं रात्र म्हणजे काय असते ती. आणि इथं अख्खा काळा दगड फोडून, छतापासून खाली येत येत खांब मोकळे केलेत, वीस फुटांच्या आसपास उंचीची मूर्ती काढलीय, नटराजाच्या अंगातला झोक दगडात धरलाय, आणि हे काम एका रात्रीत? ज्या हातांनी वर्षानुवर्षं छिन्नी मारली ते हात पुसून टाकायचे असतील तर यासारखी सोपी युक्ती नाही. पांडवांच्या नावावर टाका. देवाच्या नावावर टाका. मजुराला हजेरी द्यावी लागत नाही.

बरं, हा पाठ शैव लोकांच्या दृष्टीनंही खोटाच. अभ्यासक सांगतात की ती मूर्ती ब्रह्मा-विष्णू-महेशाची नाही, एकट्या शिवाची आहे. मधला तत्पुरुष, एका बाजूला अघोर, दुसऱ्या बाजूला वामदेव. लेणं सहाव्या शतकातलं धरतात. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी सापडली, त्यावरून काही जण ते त्याच्या काळात टाकतात. पण ठाम कुणीच सांगू शकत नाही, कारण लेण्यातला शिलालेखच पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडं पाठवला. तिकडं तो कुणाला वाचता आला नाही आणि पुढं हरवला. म्हणजे या बेटाची सही असलेला कागदच गहाळ आहे. बंदराशी उभा असलेला दगडी हत्ती, ज्याच्यावरून गोऱ्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तोही इंग्रजांनी उचलायला घेतला, तर मोडला. आता भायखळ्याला जिजामाता उद्यानात तुकडे जोडून उभा केलाय. यातलं एक अक्षर गाईड बोलला नाही. १८ डिसेंबर २०२४ ला याच बेटाकडं निघालेल्या 'नीलकमल' लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ माणसं गेली. तेही नाही. बेटावरच्या गावांत समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ साली, समोर मुंबई रात्रभर लखलखत असताना, हेही नाही. गिऱ्हाइकाचा मूड जाऊ नये म्हणे.

आता मुद्द्यावर येतो. आम्ही त्याला विचारलं, पूर्वेच्या टेकडीवर कधी नेता?

आदल्या दिवशी शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून घेतलेल्या एका पुस्तिकेत आम्ही वाचलं होतं. घारापुरीला दोन टेकड्या. पश्चिमेच्या टेकडीवर पाच शैव लेणी. पूर्वेच्या टेकडीवर दोन लेणी, पाण्याची टाकी, आणि विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष. त्या टेकडीला इंग्रजीत नावच स्तूप हिल. सरकारी दप्तरात आहे, १९८७ साली बेटाला जागतिक वारसा म्हणून घेतलं त्या कागदांत आहे. आमच्या डोक्यातून निघालेलं नाही.

गाईड म्हणाला, "तिकडे काही नाही. नुसत्या विटा. टूरमध्ये येत नाही ते."

आमच्यातला एक म्हणाला, "भाऊ, आमी त्या इटायसाठीच आलो."

तो म्हणाला, वाट खराब आहे, माकडं आहेत, लाँच सुटेल. आणि त्यानं आम्हाला पुन्हा खाली टोप्या-माळांच्या दुकानांपाशी आणून सोडलं. खासगी गाईड, खासगी टूर, पैसे आमचे, आणि टेकडी कोणती बघायची ते मात्र आधीच ठरलेलं. कोणी ठरवलं? त्या गरीब माणसाशी माझं भांडण नाही. त्याला जे पाठ करायला दिलं ते त्यानं म्हटलं. माझं भांडण पाठ देणाऱ्याशी आहे. १९३४ ला शिपाई सांगत होता, पाण्याला हात लावू नका. २०२५ ला कार्डवाला सांगतो, तिकडं काही नाहीच. पहिल्यानं निदान पाणी आहे हे कबूल केलं होतं.

आम्ही स्तूप पाहिला नाही. पैसे मोजूनही नाही. खाली उतरताना एक जण म्हणाला, "पैसे गेले अन् टेकडी राह्यली." हे वाक्य बैठकीत सांगितलं असतं तर आरोप करणारा हसलाच असता. हसू दे.

उतरताना डोल्या दिसल्या. लाकडी खुर्ची, दोन्ही बाजूंनी दांडे, चार माणसांच्या खांद्यावर. शंभरावर पायऱ्या. खुर्चीत एक धडधाकट गृहस्थ, मोबाइलवर पिक्चर काढत. मी ओझ्यातला माणूस आहे. ओझ्याला तोंड नसतं, एवढी एक सोय असते. इथलं ओझं वरून बोलत होतं, सावकाश, सावकाश. ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, यांच्या खंडपीठानं माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करायला सांगितलं. माणसानं माणूस ओढणं माणुसकीला धरून नाही. मग माणसानं माणूस वाहणं? ज्या म्हातारीचे गुडघे गेले तिच्यासाठी दुसरी सोय करा, डोलीवाल्याला दुसरं काम द्या, पण हे चित्र वारसा म्हणून खपवू नका. आपल्या बायाबापड्या ६ तारखेला फाटक्या चपलांनी मैलभर रांगेत उभ्या राहतात, कुणाच्या खांद्यावर बसत नाहीत.

आणि हे सगळं मुंबईचंच आहे असं समजू नका. वाशीमला पाहुणा आला की त्याला काय दाखवतात? बालाजीचं मंदिर, पद्मतीर्थ. झालं वाशीम. हे गाव म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथंच १९३९ साली सापडला. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं भिक्खूसंघाला दिलं. भिंतीवर कोरून ठेवलंय. वॉल्टर स्पिंक नावाचा अमेरिकन पंडित तर म्हणतो की हरिषेणाचं राज्य मोडल्यावर अजिंठ्याचे कारागीर काम शोधत कोकणाकडं गेले, आणि जोगेश्वरी, घारापुरीच्या दगडात त्याच परंपरेचा हात आहे. सगळे पंडित हे मानत नाहीत. मीही शपथ घेऊन सांगत नाही. पण काम बंद पडलं म्हणून बिऱ्हाड उचलून मुंबईकडं निघालेला कारागीर मला परका वाटत नाही. वाशीम म्हटल्यावर वाशी ऐकणाऱ्या गाईडला हे माहीत नव्हतं. आपल्या किती पोरांना माहीत आहे?

इथं आपल्याच माणसांना दोन शब्द. परत येताना लाँचमध्ये एक जण तावातावानं सांगत होता की ती तीन तोंडांची मूर्ती मुळात बुद्धाचीच, बामणांनी बदलली. मी त्याला तिथंच अडवलं. पुरावा दाखव. नसेल तर बोलू नको. त्यांनी पांडव घुसवले म्हणून आपण बुद्ध घुसवायचा काय? मग त्यांच्यात नि आपल्यात फरक फक्त टोपीचा. जिथं स्तूप आहे तिथं तो ठासून सांगू, विटेला विट म्हणून. जिथं शिव आहे तिथं शिव म्हणू आणि तो घडवणाऱ्या मजुराची हजेरी मागू. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरला तो आरडाओरडा करून नव्हे, कुदळ आणि अक्षरओळख या दोन गोष्टींवर. आज महाराष्ट्रात आपली पोरं लेण्यांमध्ये जाऊन धम्मलिपी शिकवतात, दगडावरचं अक्षर स्वतः वाचतात. वाशीम जिल्ह्यात असा वर्ग प्रत्येक तालुक्याला का नसावा? इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचं भूमिपूजन २०१५ साली झालं. तिथं येणाऱ्या खेड्यातल्या माणसाला बाबासाहेब कोण होते हे सांगायला कार्ड गळ्यात घालून कोण उभा राहणार? तोच टोपीवाला, पाठ केलेला? "हे महान नेते होते, चला, फोटो काढा"?

तर जाणं बंद होणार नाही. पुढच्या वेळची तयारी आतापासून करतो आहोत. २०२६ साली ७ डिसेंबरला सोमवार येतो आणि सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. म्हणून ५ तारखेला, शनिवारी जायचं, दुसऱ्या दिवशी चैत्यभूमी. ४ तारखेच्या पहाटेच दादरला उतरलं पाहिजे. पहिल्या लाँचला गेटवेवर हजर राहायचं. आधी पूर्वेची टेकडी, मग मोठं लेणं. जाता येतं की नाही, कुणाची परवानगी लागते, हे पुरातत्त्व खात्याला लेखी विचारायचं काम कारंज्याच्या दोघांनी घेतलं आहे. उत्तर आलं तर छापू, नाही आलं तर तेही छापू. प्रत्येकानं डबा, पाणी आणि एक वही आणावी. गाईड करायचा नाही. आरोप करणाऱ्या दोस्ताची जागा धरून ठेवली आहे, त्याचं लाँचचं भाडं आम्ही चौघं-पाच जण मिळून भरू.