थेंबे थेंबे खिसा रिकामा

आजीला मालिका हवी, नातवाला क्रिकेट, सुनेला मल्याळम चित्रपट. आणि तिन्ही वेगवेगळ्या ॲपवर. केबलचे एकच बिल भरणाऱ्या घरातून आता महिन्याला चार ठिकाणी पैसे कापले जातात. प्रत्येक रक्कम किरकोळ वाटते, म्हणून बेरीज कोणी करत नाही.

ॲमेझॉन प्राइमची वार्षिक वर्गणी २०१६मध्ये सवलतीत ४९९ रुपये होती. डिसेंबर २०२१मध्ये ती १,४९९ झाली. जून २०२५पासून त्याच वर्गणीत व्हिडिओंमध्ये जाहिराती शिरल्या. त्या नको असतील, तर वर्षाला आणखी ६९९ रुपये मोजायचे. म्हणजे आधी जे मिळत होते, त्याचेच पुन्हा पैसे!

कायदा मुका नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये ‘वर्गणीचा सापळा’ फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत घातला. वर्गणी घेणे सोपे आणि रद्द करणे किचकट ठेवता येत नाही. पैसे आपोआप कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेनेही घातले आहे. पण तो संदेश जाहिरातींच्या गर्दीत न वाचताच पुसला जातो.

म्हणून केवळ सूचना पुरेशी नाही. वर्गणीचे दर किंवा अटी बदलल्या, की ग्राहकाची नव्याने संमती घेणे सक्तीचे व्हावे. नियम मोडणाऱ्यांना दंड व्हावा. ग्राहकांनीही किराणा मालाच्या यादीसारखी या वर्गण्यांची यादी दरमहा तपासावी. जे पाहत नाही, ते बंद करावे. कष्टाच्या पैशाला गळती लागू देऊ नये.