एमबीबीएससाठी परदेशी? फी नंतर विचारा

डोणगावातले पालक विचारतात, "डॉक्टर, पोराला एमबीबीएसला परदेशी पाठवू का?" माझं मत: शेत विकून तर नकोच. 2024मध्ये बुलडाणा आणि वाशिम, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. गरज पडली तर नीटची परीक्षा पुन्हा द्या. परदेशासाठीही ती पात्रता लागतेच.

जायचंच ठरलं, तर एजंटला फी नंतर विचारा. आधी हे विचारा: शिक्षण इंग्रजीत आहे का? अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंटर्नशिप तिथेच 12 महिन्यांची आहे का? त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी मिळते का? एकही उत्तर 'नाही' आलं, तर भारतातली नोंदणी अडते. शिवाय परतल्यावर एफएमजीई परीक्षेत 300 पैकी 150 गुण मिळवावे लागतात. पदवी मिळाली म्हणजे पेशंट तपासायची परवानगी मिळाली, असं नाही.