‘सीए’ची उमेदवारी घटली, परीक्षा तेवढीच दूर

मुक्ताईनगर : सनदी लेखापाल होण्यासाठीची उमेदवारी १ जुलै २०२३ पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली. त्यामुळे अंतिम परीक्षा लवकर देता येते, हा समज मात्र फसवा आहे. पूर्वी उमेदवारीचे सहा महिने उरले असतानाच परीक्षेस बसता येई. आता उमेदवारी संपल्यावर सहा महिने अभ्यासासाठी द्यावे लागतात. हिशेब दोन्हीकडे अडीच वर्षांचाच.

जळगाव वा पुण्यात भाड्याने राहणारा मुक्ताईनगरचा विद्यार्थी हे सहा महिने घरी राहून अभ्यास करू शकेल. परंतु त्या काळात विद्यावेतन नसेल. फ्रान्समध्ये तीन वर्षांची उमेदवारी आणि अखेरीस प्रबंध, ही पद्धत कायम आहे. ज्याच्या घरी कोणी लेखापाल नाही, त्याची खरी शाळा उमेदवारीच. नेमकी तीच वर्षभराने आखूड झाली आहे.