ओळीच्या शेवटी तुटणारा शब्द

लातूरच्या पाणीटंचाईवरील एका लेखाची मुद्रिते मी नांदेडमध्ये तपासत होतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हापासून आपल्या भागात या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. हा लेखही त्याच जातीचा, गंभीर आणि काहीसा उपदेशपर. मजकूर दोन स्तंभांत मांडलेला होता आणि एका ओळीच्या शेवटी छापले होते : 'जलसा-'. मी थबकलो. दुष्काळात जलसा कसला? पुढच्या ओळीच्या आरंभी 'क्षरता' होते. शब्द होता 'जलसाक्षरता'. संगणकावर बसलेल्या मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "सर, ते मी नाही तोडलं, आपोआप तुटलं. बंद करू का?" त्याने ती सोय बंद केली. शब्द सांधला गेला. पण ओळींमधल्या शब्दांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या.

'आपोआप तुटलं' आणि 'बंद करू का' या दोन टोकांपलीकडे या प्रश्नाचा आपण फारसा विचार केलेला नाही. शालेय व्याकरणात संयोगचिन्हाचे दोन उपयोग सांगतात : दोन शब्द जोडणे, आणि ओळीच्या शेवटी अपुरा राहिलेला शब्द दाखवणे. शब्द नेमका कुठे अपुरा ठेवावा, हे मात्र सांगितले जात नाही. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अठरा नियम आपण घोकतो. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, सामान्यरूप यांबद्दल त्यांत पुष्कळ आहे. शब्द तोडण्याबद्दल काही नाही.

पूर्वी हे न सांगितल्याने बिघडत नसे. पोथी लिहिणारा दोन शब्दांत जागाच सोडत नसे. समास आला की तो कोणत्याही अक्षरापाशी ओळ संपवी, आणि वाचणाराही त्या सलग लेखनाला सरावलेला असे. पुढे खिळे जुळवणारा जुळारी आला. तो मजकूर वाचत जुळवत असे, त्यामुळे कुठे तोडायचे हे त्याचा कान आणि हात ठरवीत. संगणक आल्यावर हा वाचणारा माणूस मधून गेला. युनिकोडपूर्व टंकांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. यंत्राच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. त्यामुळे कधी अक्षर एका ओळीत आणि त्याचा काना दुसऱ्या ओळीत अशी दुर्दशा होई. शब्द तोडण्याची सोय बंदच ठेवायची, ही सवय त्या काळात लागली आणि कारण संपल्यावरही टिकली.

या बाबतीत आपल्याला जवळची भाषा इंग्रजी नव्हे, जर्मन आहे. जर्मनही आपल्यासारखीच शब्दाला शब्द जोडून लांबलचक समास करते आणि ते सलग लिहिते. तिथला एक जुना विनोद आहे. 'ब्लूमेनटोप्फ' म्हणजे फुलझाडाची कुंडी आणि 'एर्डे' म्हणजे माती. कुंडीतल्या मातीचा हा जोडशब्द चुकीच्या जागी तोडला की 'ब्लूमेनटो-प्फेर्डे' होतो, आणि 'प्फेर्डे' म्हणजे घोडे! आपल्या 'जलसा'चा हा सख्खा भाऊ. जर्मनांनी हा विनोद सांगून विषय सोडून दिला नाही. फ्रँक लियांग या संशोधकाने १९८३ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रबंधात शब्द तोडण्याची एक पद्धत मांडली होती. अक्षरांच्या छोट्या आकृतिबंधांत अंक पेरायचे. विषम अंक म्हणजे इथे तोडायला परवानगी, सम अंक म्हणजे मनाई. हे आकृतिबंध यंत्र स्वतःच शोधून काढते, पण त्यासाठी माणसांनी आधी खुणा केलेली शब्दयादी लागते. जर्मन स्वयंसेवकांनी अशी कित्येक लाख शब्दांची यादी केली. तीत जोडशब्दाची शिवण, उपसर्गाची शिवण आणि नुसते अवयव यांना वेगवेगळ्या खुणा आहेत. यंत्राला अर्थ कळत नाही. तो त्या यादीतल्या खुणांमधून त्याच्यापर्यंत पोहोचतो.

मराठीसाठीही असे आकृतिबंध आहेत. केरळचे संतोष तोट्टिंगल यांनी अनेक भारतीय भाषांसाठी ते तयार केले आणि सर्वांना खुले केले. जोडाक्षर फोडायचे नाही, काना-मात्रा-अनुस्वार अक्षरापासून वेगळे करायचे नाहीत, बाकी कोणत्याही अक्षरानंतर तोडावे, हा त्यांचा गाभा आहे. या कामाचे ऋण मान्य केलेच पाहिजे; काना दुसऱ्या ओळीत जाण्याची आपत्ती त्याने टळली. परंतु हा नियम लिपीचा आहे, मराठीचा नाही. मराठीचे नियम मराठी माणसांनीच द्यायला हवे होते. माझ्या मते त्यांत निदान दोन गोष्टी हव्यात.

पहिली उच्चाराची. आपण 'शेतकरी' लिहितो, पण म्हणतो 'शेत्‌करी'. तिथल्या 'त'मध्ये 'अ' उरत नाही. म्हणून 'शेत-करी' चालते आणि 'शे-तकरी' खुपते. ज्या अक्षरातला 'अ' उच्चारात लोपतो, त्याने नवी ओळ सुरू होऊ नये, एवढा एक नियम केला तरी 'बो-लताना', 'परवा-नगी', 'बाजा-रभाव' हे सारे टळतील. आणि 'मरा-ठवाडा'सुद्धा. आपल्या प्रदेशाचे नाव ओळीच्या शेवटी 'मरा-' असे छापले जाणे मला तरी विनोदी वाटत नाही.

दुसरी गोष्ट शिवणीची. 'जलसा-क्षरता' उच्चाराच्या नियमात अडकत नाही, कारण 'क्ष'मधला 'अ' पूर्ण आहे. तिथे 'जल' आणि 'साक्षरता' हे दोन शब्द आहेत, हे ठाऊकच असावे लागते. त्यासाठी यादी हवी. 'राज-कारण' आणि 'राजका-रण' यांतला फरक यादीच सांगेल. संधी झालेल्या शब्दांत तर शिवण अक्षराच्या पोटात गेलेली असते. 'विद्या' आणि 'आलय' यांचे 'विद्यालय' झाले. आता 'विद्या-लय' तोडले तर विद्येचा लय होतो आणि 'वि-द्यालय' तोडले तर काहीच होत नाही. असा शब्द न तुटलेलाच बरा, हेही यादीतच लिहावे लागेल.

यावर कोणी म्हणेल, शब्द तोडूच नयेत. उजवी कड वेडीवाकडी राहू द्यावी. कवितेसाठी आणि लहान मुलांच्या पुस्तकांसाठी मला हे मान्य आहे. परंतु वर्तमानपत्राच्या अरुंद स्तंभात आणि मोबाईलच्या पडद्यावर 'मराठवाड्यातल्यांसाठीसुद्धा' असा शब्द आला की निम्मी ओळ रिकामी राहते. हाच शब्द 'साठी'च्या किंवा 'सुद्धा'च्या आधी तोडला, तर वाचणाऱ्याला उलट मदतच होते. प्रत्ययांनी शब्द वाढवत नेणाऱ्या भाषेला हा प्रश्न टाळता येणार नाही.

हे काम कोणी करावे? नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९९४ ची. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. तिथे समास, संधी आणि उच्चार शिकणारे-शिकवणारे किती तरी जण आहेत. समासाचा विग्रह परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहून विसरण्याऐवजी त्याच विग्रहाची खूण एका सामाईक यादीत केली, तर काही वर्षांत हजारो शब्द सहज जमतील. त्याला मोठा निधी लागत नाही. एकमेकांचे काम तपासण्याची शिस्त लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी आनंद मानला. त्या आनंदाला जोडून करण्यासारखे हे एक साधे, मोजता येणारे काम आहे.

तो लेख मी शेवटी हाताने दुरुस्त केला. 'जल' नंतर स्वतः चिन्ह घातले आणि फटी कमी झाल्या. पण हा उपाय त्या एका पानापुरताच होता. पुढच्या अंकात तोच शब्द पुन्हा आला, तर तो कुठे तुटेल हे आजही त्या संगणकाला माहीत नाही.