डब्यातली कार्डं



या वेळी सांगतेय ती माझीच चूक आहे. शाळेत पंधरा-वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शिकवताना जी घाई मी कधी केली नाही, ती घरी स्वतःच्या मुलाशी केली.

आम्ही बेडश्याला राहतो. गेल्या पावसाळ्यात गावातल्या मुलांना कार्डांचं वेड लागलं होतं. दुकानात पाकिटं मिळतात, आत क्रिकेटपटू, पैलवान नाहीतर कार्टूनची चित्रं. मुलं ती जमिनीवर ठेवून हाताने थाप मारतात. ज्याच्या थापेने कार्ड उलटं पडेल, कार्ड त्याचं. एके दिवशी सातवीतला माझा धाकटा रडत घरी आला. वीस कार्डं हरला होता. माझं डोकं तापलं. हा सरळ सरळ जुगार झाला, म्हणून मी त्याचा पत्र्याचा डबा उचलला आणि अंघोळीच्या पाण्याच्या बंबात रिकामा केला. तो काही बोलला नाही. डब्याकडे बघत उभा राहिला.

रात्री माझ्या सासूबाईंनी चष्म्याच्या डबीतून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. "हे बघ, दादीसाठी म्हणून दिलंय मला." पैलवानाचं कार्ड होतं, पण पैलवान कुठेच दिसत नव्हता. त्यावर आमच्या लेण्यातली घोड्याच्या नालासारखी कमान होती, खाली भाताची हिरवी खाचरं आणि वर राखाडी ढग. इवल्याशा जागेत पावसाच्या रेघासुद्धा. मी विचारलं, "असली अजून होती का?" सासूबाई म्हणाल्या, "डबाभर होती."

सकाळी मी मुलापाशी बसले. तो एवढंच म्हणाला, "अम्मी, ती खेळायची नव्हती. खेळायची वेगळी, दप्तरात असतात."

वाचकहो, त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याची माफी मागितली. मग म्हटलं, तू हे करतोस कसं, मला शिकव.

त्याने सांगितलं ते असं. कार्ड गुळगुळीत असतं, त्यावर रंग धरत नाही, म्हणून आधी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा आणि भुकटी कोरड्या कापडाने पुसायची. चारही कडा चिकटपट्टीने पुठ्ठ्यावर घट्ट बसवायच्या, नाहीतर ओलाव्याने कार्ड वाकतं. मग पांढऱ्या ॲक्रिलिकचा पातळ हात. तो वाळल्यावर पेन्सिलीने आखणी, आणि मग रंग. एकच जाड थर द्यायचा नाही, दोन-तीन पातळ थर द्यायचे. आपल्या मावळच्या पावसात रंग लवकर वाळत नाही, तेव्हा दोन थरांमध्ये धीर धरावा लागतो. ॲक्रिलिक एकदा वाळला की पाण्याने निघत नाही. कार्डासाठी ते चांगलं, पण ब्रशसाठी वाईट. म्हणून ब्रश लगेच धुवायचा. पेटीत दोन आलेली कार्डंच तो रंगवतो. शेजारच्या एका मुलाने पैसे देऊन त्याच्या आवडत्या खेळाडूच्या मागे त्याचं स्वतःचं घर काढून घेतलं होतं, हेही तेव्हाच कळलं.

मला आपल्या सावंतवाडीची आठवण झाली. तिथे गंजिफा बनतात, हाताने रंगवलेले गोल पत्ते. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, त्यावर रंग, मग लाखेची चकाकी. 1970 च्या दशकात ही कला विझत आली होती, तेव्हा तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चितारी कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. 2024 मध्ये या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळालं.

गंजिफा आपल्याकडे इराणच्या बाजूने आल्या. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा भेट पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगली गंजिफेत आठ रंग आणि प्रत्येकात बारा पत्ते, म्हणजे एकूण 96. इथल्या चितारींनी दशावतारांचे दहा रंग केले, ते झाले 120. परक्या मुलखातला खेळ इथल्या हातांनी असा आपलासा केला.

त्या संध्याकाळी उर्दूच्या अभ्यासाला मी मुलाला मोगली गंजिफेचे आठ रंग लिहायला दिले: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. सफेद म्हणजे चांदीचं नाणं, सुर्ख म्हणजे सोन्याचं. चंग हे वाद्य, किमाश म्हणजे माल. "बरात" वाचून तो हसला, म्हणाला, "लग्नाची?" नाही, इथे बरात म्हणजे हुकूमनामा. पेशवाईच्या कागदांतही पैसे देण्याच्या हुकमाला "वरात" म्हणत. एका शब्दाने उर्दू आणि मराठी दोन्हींचा धडा झाला.

आता मुद्दा. कार्ड लावून कार्ड जिंकणं हा जुगारच, तो घरात नको, आणि ते मुलाला स्पष्ट सांगायलाच हवं. आम्ही सांगितलं. ती कार्डं त्याने मित्रांना परत केली. पण हरलेलं कार्ड दुसऱ्याकडे जातं, रंगवलेलं कार्ड मुलाजवळ त्याचं म्हणून राहतं. दोन्ही एकाच डब्यात होती, म्हणून मी एकच समजले. सजीवांची चित्रं नकोत असं ज्या घरात असेल, त्यांनी मुलाला वेलबुट्टी, कमानी, डोंगर, नाणी, तलवारी द्याव्यात. कार्डावर त्यांना भरपूर जागा आहे. मनाई करायचीच असेल, तर आधी डबा उघडून बघा. मुलाला विचारा, यातलं खेळायचं कोणतं आणि तुझं कोणतं.

माझ्या मुलाने अजून नवं कार्ड रंगवलेलं नाही. मी कामशेतच्या बाजारातून बारीक ब्रश आणि रंगांच्या सहा बाटल्या आणून त्याच्या टेबलावर ठेवल्यात. रोज विचारत नाही. परवा मात्र पांढऱ्या रंगाच्या बाटलीचं झाकण सैल दिसलं.

दादीचं कार्ड अजून चष्म्याच्या डबीतच आहे. मी मागितलं, त्यांनी दिलं नाही.