बदली सरकारची, लायसन्स मात्र परके!



भुसावळहून खंडव्याला बदली झालेला आपला सहकारी रेल्वेच्या हिशेबात फारसा कुठे गेलेलाच नसतो. विभाग तोच, डीआरएम तोच, पगार काढणारे कार्यालयही तेच. नागपूरहून आमल्याला किंवा बैतूलला, गोंदियाहून डोंगरगडला, सोलापूरहून कलबुर्गीला, पालघरहून वलसाडला गेलेल्यांचेही तसेच. टपाल खात्यात कोल्हापूरहून पणजीला गेलेला कर्मचारी महाराष्ट्र सर्कलमध्येच राहतो, कारण गोवा याच सर्कलमध्ये मोडतो. पण या माणसाच्या खिशातले लायसन्स आणि बुडाखालची स्कूटर राज्याची वेस ओलांडताच परकी होते. चौकातला हवालदार विचारतो, 'बाहेरचे लायसन्स?' आरटीओच्या खिडकीवरचा बाबू म्हणतो, 'इथला पत्ता दाखवा.' आणि फाटकाबाहेर उभा असलेला एजंट म्हणतो, 'साहेब, कशाला त्रास घेता, नवीनच काढून देतो!'

रेल्वेचे विभाग राज्यांच्या सीमा पाहून आखलेले नाहीत, आणि टपालाचे सर्कलही नेहमी एकाच राज्यापुरते नसते. आरटीओचा कारभार मात्र त्याच सीमांवर उभा आहे. या दोन नकाशांच्या फटीत चेंगरतो तो कामगार, आणि त्याच फटीत एजंटाचे दुकान चालते. आजवर आपल्या संघटनांनी हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न मानला. आमचे म्हणणे असे की हा सेवाशर्तींचा प्रश्न आहे आणि तो प्रशासनाच्या टेबलावर गेला पाहिजे.

आधी हवालदाराचा प्रश्न निकालात काढू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३ प्रमाणे शिकाऊ असो वा पक्के, लायसन्स संपूर्ण भारतात चालते. त्यावर जळगावचा पत्ता आहे आणि गाडी खंडव्यात चालते आहे, एवढ्यावरून ते रद्द होत नाही की अपुरे ठरत नाही. बदलीच्या गावी 'इथले नवीन लायसन्स' काढण्याची गरज तर नाहीच. उलट याच कायद्याचे कलम ६ एका माणसाला एका वेळी दोन लायसन्स बाळगायला मनाई करते. म्हणजे जुने लपवून नवीन काढून देणारा एजंट आपल्या साथीला मदत करत नाही, गुन्ह्यात ओढतो, आणि वर त्याचे पैसे घेतो. नूतनीकरणासाठीही गावी धावायला नको. कलम १५ प्रमाणे ते देशातल्या कोणत्याही परवाना अधिकाऱ्याकडे करता येते, मूळ कार्यालयाला कळवण्याचे काम त्या अधिकाऱ्याचे. मात्र तारखेकडे लक्ष हवे. २०१९ च्या दुरुस्तीने मुदतीनंतरची ३० दिवसांची सवलत गेली, आणि मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. कॉलनीतल्या किती जणांनी आपल्या लायसन्सवरची तारीख शेवटची कधी पाहिली, हे शाखा सचिवांनी एकदा विचारून बघावे.

आता पत्त्याचे दुखणे. पत्ता बदलण्याची केंद्रीय फी २०० रुपये. त्यासाठी हेलपाटे किती, ते खेटे घातलेल्यालाच ठाऊक. भाडेकरार आणा, वीजबिल आणा, घरमालकाचे पत्र आणा! रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्याने घरमालक कुठून आणायचा? राष्ट्रपतींना पत्र लिहायचे काय? वास्तविक केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या चौथ्या नियमाने पत्त्याच्या आणि वयाच्या पुराव्यात केंद्र सरकारच्या कार्यालयाने दिलेली पगारपट्टी धरलेली आहे. ती दरमहा आपल्या हातात पडते. पण खिडकीवर ती पुढे केली की बाबू मान हलवतो आणि आपला माणूस परत फिरतो. त्याने परत फिरू नये. नियमाचा क्रमांक सांगावा, आणि तरी नकार आला तर तो कागदावर लेखी मागावा. लेखी नकार द्यायची वेळ आली की बऱ्याच खिडक्यांना नियम आठवतो.

'आता सगळे ऑनलाइन झाले आहे' हे उत्तर आम्हाला तोंडपाठ झाले आहे. शिकाऊ लायसन्स घरबसल्या मिळते हे खरे, पण ते आधारच्या आधाराने. बदलीच्या माणसाच्या आधारवर बहुधा गावचा पत्ता असतो. म्हणजे ज्याला सोयीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच दारात ती येऊन अडते. आणि पक्क्या लायसन्सची चाचणी संगणकावर होत नाही. त्यासाठी गाडी घेऊन, नेमून दिलेल्या दिवशी, दिवसाउजेडी मैदानावर उभे राहावेच लागते.

इथे नव्याने लायसन्स काढणाऱ्या साथींचा विचार करा. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते, आणि ते हातात येऊन ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही. केंद्रीय नियमांतली फी अशी: शिकाऊ लायसन्सला प्रत्येक वर्गासाठी १५० रुपये, त्याच्या परीक्षेचे ५०, वाहन चालवण्याच्या चाचणीचे ३०० आणि पक्क्या लायसन्सचे २००. राज्यांचे वरचे आकार धरले तरी हा खर्च कामगाराला झेपणारा आहे. झेपत नाही ती वेळ. रनिंग स्टाफला दोन तासांच्या सूचनेवर कॉल येतो. त्याने तीन आठवड्यांनंतरची सकाळी अकराची वेळ कशी पाळायची? आरएमएसमधला सॉर्टर रात्रभर थैल्या फोडून सकाळी घरी येतो, तो मैदानावर आठचा आकडा काढायला निघाला तर झोपेत पाय टेकवणारच. चाचणी चुकली की पुन्हा तारीख, पुन्हा रजा. दोनदा असे झाले की माणूस एजंटाकडे जातो. त्याला आळशी म्हणणाऱ्यांनी एक महिना त्याची ड्युटी करून पाहावी.

आणि वैद्यकीय दाखला! वयाची चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला नमुना १-अ भरून डॉक्टरची सही आणावी लागते. आपला लोको पायलट रेल्वेच्या सर्वांत कडक अशा ए-१ वर्गाच्या नेत्रतपासणीतून जातो. चोवीस डब्यांची गाडी आणि त्यातली हजारावर माणसे प्रशासन त्याच्या डोळ्यांवर सोपवते. पण स्कूटरसाठी त्याच डोळ्यांचा दाखला अनेक ठिकाणी एजंटाच्या पिशवीतल्या शिक्क्यावर मिळतो, डॉक्टरने त्याचे तोंडही न पाहता. (इंजिन चालवणाऱ्याला स्कूटरची चाचणी माफ करा असे आम्ही म्हणत नाही. रुळांवर वळण आपोआप येते, रस्त्यावर ते घ्यावे लागते.) रेल्वे रुग्णालयात रोज बसणाऱ्या डॉक्टरची सही मात्र प्रत्येक आरटीओने विनातक्रार मान्य केलीच पाहिजे. त्यात खोट्या शिक्क्यांचा धंदाही बसेल.

कोणी म्हणेल, स्कूटर ही तुमची हौस, खात्याचा तिच्याशी काय संबंध? संबंध असा. रात्री दोनला ज्या रोडसाइड स्टेशनवर पॉइंट्समनला हजर व्हायचे असते, तिथे त्या वेळी एसटी जात नाही. शहरांच्या हद्दी वाढल्या, नव्या वसाहती उभ्या राहिल्या, पार्सलांचे वजन वाढले. सायकलवर ती बीट संपत नाही म्हणून पोस्टमन स्वतःच्या पैशाने मोटारसायकल घेतो आणि पेट्रोलही स्वतःच घालतो. खाते काय देते? सायकल भत्ता! सातव्या वेतन आयोगाने तोही काढायला सांगितला होता. २०१७ मध्ये सरकारने रेल्वे आणि टपाल या दोनच खात्यांसाठी तो राखला आणि महिना ९० रुपयांचा १८० केला. भत्ता सायकलचा, अपेक्षा मोटारसायकलच्या वेगाची, आणि लायसन्सची जबाबदारी कामगाराची एकट्याची. हा कुठला न्याय?

अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागलेल्या आपल्या भगिनींचा यात कोणी विचारच करत नाही. पती गेल्यावर पस्तिशी-चाळिशीत जी बाई प्रथमच घराबाहेर कामाला निघते, तिला स्कूटर शिकायची असते. मुलांची शाळा आणि ड्युटी तिशिवाय जमत नाही. तिला शिकवणार कोण? ड्रायव्हिंग स्कूलची फी, मैदानावरची टवाळी, आणि 'बाई, तुम्हाला जमायचे नाही' हे ऐकवणारे, त्यात आपलेही लोक असतात, हे लिहायला आम्हाला संकोच वाटत नाही. रेल्वेची मोठी मैदाने आहेत, संस्थेचे हॉल आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे महिलांचे शिकवणी वर्ग चालवायला शाखेला कोणाची परवानगी लागते?

आता लायसन्सशिवाय काय होते ते पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनालायसन्स गाडी चालवण्याचा कायद्यातला दंड ५०० वरून ५,००० रुपये झाला. लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी देणाऱ्या मालकालाही कलम १८० खाली तेवढाच. 'ड्युटीला जायचंय, जरा किल्ली दे रे' म्हणणाऱ्या मित्राला किल्ली देताना हे आठवावे. पण दंड ही लहान गोष्ट. खरा घाव अपघातानंतर बसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात घालून दिलेली रीत अशी: मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू दिली हे सिद्ध झाले, तरी जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना भरपाई बहुधा विमा कंपनीने आधी द्यायची, आणि मग ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करायची. ज्याचे नुकसान झाले त्याला न्याय मिळाला, याबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. पण ती लाखांची वसुली पोस्टमनच्या घरावर आली की पीएफ, सोसायटीचे कर्ज, बायकोचे दागिने, सगळे त्यात जाते. त्याच निकालात शिकाऊ लायसन्स हेही लायसन्सच मानले आहे. म्हणून 'पक्के मिळेपर्यंत कशाला कागद' असे म्हणणाऱ्याने निदान शिकाऊ तरी काढावे.

गाडीचे थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. लायसन्स देशभर चालते; नोंदणी मात्र कलम ४७ प्रमाणे गाडी बारा महिन्यांहून अधिक दुसऱ्या राज्यात राहिली की नव्याने करावी लागते. जुन्या आरटीओचा ना हरकत दाखला, नव्या राज्याचा रोड टॅक्स, आणि जुन्या राज्याकडे परताव्याचा अर्ज. गंमत अशी की बदली भत्त्याच्या नियमांत दुचाकी नव्या गावी नेण्याचा खर्च सरकारनेच मान्य केला आहे! एका हाताने गाडी पोचवायची आणि दुसऱ्या हाताने तिला परकी म्हणायचे. २०२१ मध्ये आलेल्या बीएच मालिकेने यावर उतारा दिला. केंद्रीय कर्मचाऱ्याला ओळखपत्रावर हा नंबर मिळतो, टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदलले तरी पुनर्नोंदणी नाही. डिसेंबर २०२२ पासून जुनी गाडीही या मालिकेत नेता येते. पण टॅक्स भरायला उशीर झाला तर दिवसाला १०० रुपयांचा भुर्दंड आहे, हे गाडी विकणारा डीलर सांगत नाही. ज्याची बदली दोन राज्यांतच फिरते त्याने आकडेमोड करूनच हा नंबर घ्यावा.

तेव्हा आपण मागायचे काय? लायसन्सच्या चाचणीच्या दिवशी ड्युटी लावू नये, आणि लावली तर तो दिवस विशेष रजेचा धरावा. बदलीच्या आदेशासोबतच नव्या पत्त्याचा, क्वार्टर क्रमांकासह, सही-शिक्क्याचा दाखला कार्यालयाने आपणहून द्यावा; त्यासाठी कामगाराने अर्ज करून महिनाभर थांबायचे कारण काय? आरटीओची शिबिरे तालुक्याच्या गावी भरतात, तशी ती मोठ्या रेल्वे कॉलन्यांत आणि टपाल वसाहतींत भरवावीत, जागा प्रशासनाने द्यावी. रेल्वे रुग्णालयातला आणि सीजीएचएसमधला वैद्यकीय दाखला सर्व राज्यांत ग्राह्य व्हावा. सायकल भत्त्याच्या जागी प्रत्यक्ष वापराचा वाहन भत्ता मिळावा. यांपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. परिपत्रक लागते, आणि परिपत्रक काढायला लावणारा रेटा लागतो.

रेल्वेच्या शाखांनी हा विषय पुढच्या पीएनएमच्या विषयपत्रिकेत घालावा, टपालच्या शाखांनी विभागीय मासिक बैठकीत. त्यासाठी हकिगती हव्यात. बदलीनंतर ज्यांची पगारपट्टी पत्त्याचा पुरावा म्हणून नाकारली गेली, ज्यांची चाचणी ड्युटीमुळे चुकली, ज्यांचा टॅक्सचा परतावा अडकला आहे, त्यांनी तारीख, कार्यालय आणि मिळालेले उत्तर एका कागदावर लिहून, नकाराची प्रत असेल तर जोडून, आपल्या शाखा सचिवाकडे या महिनाअखेर द्यावे.