षटकोनी नकाशे चाहत्यांचे, मग हक्क कोणाचा?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळातल्या ‘मिस्टारा’ या काल्पनिक जगाचे नकाशे आज चाहतेच नव्याने काढतायत. १९८१च्या ‘द आईल ऑफ ड्रेड’मध्ये एक षटकोन म्हणजे २४ मैल होते. १९८७पासूनच्या ‘गॅझेटियर’ मालिकेत ८ मैल. म्हणजे जुना एक षटकोन रुंदीला तीन नव्यांएवढा. दोन्ही नकाशे जुळवायचं किचकट काम चाहत्यांनी अंगावर घेतलं, तेही फुकट.

पण षटकोनच का? चौकोनात तिरकं गेलं की अंतर वाढतं. षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे प्रवासाचे दिवस नुसते मोजता येतात.

खरा पेच मालकीचा आहे. १९९७मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने मूळ कंपनी ‘टीएसआर’ विकत घेतली. चाहत्यांसाठीच्या त्यांच्या धोरणानुसार असे नकाशे मोफत वाटता येतात, विकता येत नाहीत. आणि ही मुभा कंपनी कधीही काढून घेऊ शकते. जानेवारी २०२३मध्ये परवान्याच्या बदलांवरून खेळाडू भडकले, तेव्हा कंपनीने माघार घेत मूलभूत नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’खाली खुले केले. तो मोठाच विजय होता. मात्र खुले झाले ते नियम. मिस्टाराचे देश, नद्या, गावांची नावं त्यात नाहीत.